बैल आपला, पाय किरायाचे

"म्हंजे बैल आपला अन् पाय किरायाचे?"

आज पारावर मोठेबाबांनी हे विचारलं अन् माझी बोलतीच बंद.

मी मोबाईलवर इलेक्ट्रिक गाड्या दाखवत होतो. एमजीची विंडसर 2024 मध्ये आली तेव्हा बॅटरीशिवाय 9.99 लाख, वरून बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. एमजीच्याच कॉमेट गाडीची बॅटरी विजेच्या 17.3 युनिटची, टाटाच्या टियागोची 19.2 किंवा 24. युनिटचा हिशोब त्यांना लगेच समजला. (विहिरीवरच्या मोटरचं बिल कोण भरते?)

"अन् रातभर लावली, लाईन गेली तं?"

यावर मी गप्पच.

पेट्रोल तरी कुठं आपलं असते, हे किरायाच्या पायांचं उत्तर घरी आल्यावर सुचलं. उद्या सांगून पाहू का?