डोक्यातलं फळ्यावर यावं म्हणून

सोमवार

सहावीला दशांश अपूर्णांकांची उजळणी होती. उजळणी म्हटलं की अर्धा वर्ग आधीच जांभया द्यायला लागतो, म्हणून फळ्यावर काही लिहिण्याआधीच प्रश्न टाकला: ०.४ मोठा की ०.३५? हात वर करायला सांगितलं असतं तर नेहमीचे ठरलेले हात वर गेले असते आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे. त्याऐवजी प्लिकर्सची कार्डं वाटली. काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचं कागदी कार्ड, प्रत्येकाची नक्षी वेगळी. कार्डाची कुठली बाजू वर धरली त्यावरून चार पर्यायांपैकी एक उत्तर ठरतं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते माझ्या पडद्यावर येतं. मुलांच्या हातात यंत्र लागत नाही, आणि शेजाऱ्याचं कार्ड कितीही न्याहाळलं तरी त्यातून उत्तर कळत नाही. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त आवडते.

बऱ्याच जणांनी ०.३५ धरलं. का, ते विचारायचीही गरज नव्हती. चारापेक्षा पस्तीस मोठे, संपलं.

पण ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांच्याबद्दलच मला जास्त शंका होती. म्हणून लगेच दुसरी जोडी दिली: ०.३ की ०.७५? मघाशी ०.४ मोठा म्हणणाऱ्यांपैकी काहींनी आता ०.३ वर बोट ठेवलं. एकीला विचारलं. म्हणाली, "बाई, दशांश शतांशापेक्षा मोठा असतो ना? मग हा दशांश आहे आणि तो शतांश." म्हणजे पहिल्या जोडीत तिचं उत्तर बरोबर आलं ते चुकीच्या वाटेने. पहिल्या प्रश्नावरच थांबले असते तर तिला 'कळलेलं आहे' या खात्यात टाकून पुढे गेले असते. दशांशांच्या बाबतीत हे दोन्ही गैरसमज जगभरच्या वर्गांत सापडतात: एकाला जास्त अंकांचा आकडा मोठा वाटतो, दुसऱ्याला कमी अंकांचा. कार्डं, कॅमेरा सगळं ठीक आहे, पण कस लागतो तो जोडी निवडण्यात. नुसतं ०.२ आणि ०.७ विचारलं असतं तर सगळा वर्ग पास.

मग चौकटीचे कागद. दहा बाय दहाचा चौकोन आखा, तो पूर्ण एक. त्यात ०.४ निळ्याने रंगवा, शेजारच्या चौकोनात ०.३५. बहुतेकांनी चार उभ्या पट्ट्या रंगवल्या, आणि दुसऱ्यात तीन पट्ट्या नि वर पाच घरं. काही जण गप्प झाले, दोघे-तिघे मोठ्याने "अरे!" म्हणाले.

मागच्या बाकावरच्या एकाने मात्र पस्तीस घरं चौकोनभर विखरून रंगवली होती. दिसायला छान, एखाद्या नक्षीसारखी. मोजून बरोबर पस्तीस. पण शेजारच्या चार पट्ट्यांशी नजरेने तुलना होईना, कारण विखुरलेली घरं जास्त पसरल्यासारखी दिसत होती. त्याचा कागद मी मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली धरून प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला आणि वर्गाला विचारलं, "हे चूक आहे का?" चांगली दहा मिनिटं वाद झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "चूक नाही, पण यावरून कळत नाही." बरोबर असून उपयोगाचं नसलेलं चित्र कसं असतं, याचा एवढा नेमका नमुना मला स्वतःला सुचला नसता. तो कागद जपून ठेवलाय.

मंगळवार

शिक्षकांच्या खोलीत स्लाइडवरून जुंपली. आमच्या एका सरांनी हृदयावरची स्लाइड फार मेहनतीने केली आहे. हृदय धडधडतं, बाण फिरतात, मागे संगीतही आहे. खाली एक ते आठ आकडे आणि त्यांच्यासमोर भागांची नावं. सर ती नावं वाचून दाखवतात.

मी मागे बसून मुलांच्या माना बघत होते. मान वर, आकडा शोध, मान खाली, नाव वाच, पुन्हा वर, तोवर आकडा विसरलेला. माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये हा आकडा साधारण चारच्या आसपास असल्याचं मांडलं होतं. त्यातल्या दोन जागा नुसत्या शोधाशोधीत अडकल्या तर रक्ताभिसरणाला उरतं काय? शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतूनही हेच निघालं: नाव त्या भागाच्या शेजारीच लिहा, कामाचं नाही ते काढून टाका, आणि चित्र समजावताना पडद्यावर लिहिलेलंच शब्दशः वाचत बसू नका. सरांना एवढंच म्हटलं की आकडे काढा आणि नावं थेट हृदयावर लिहा. संगीताबद्दल काही बोलले नाही. शेजारधर्म.

एका बाईंचं म्हणणं असं की हे चित्रांचं नवं खूळ आहे, आम्ही काय चित्रांवाचून शिकलो नाही का? खूळ असेल, पण नवं नक्कीच नाही. कोमेनिअस या जुन्या युरोपीय शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढलं ते १६५८ साली. गंमत म्हणजे त्यातही चित्रातल्या वस्तूंवर आकडे आणि मजकुरात तेच आकडे अशीच सोय होती. तेव्हा लाकडी ठशांवरून चित्रं छापत, त्यामुळे त्याची अडचण समजू शकते. आपल्यापुढे अशी कुठली अडचण आहे?

त्या स्लाइडबद्दल आणखी एक गोष्ट मनात राहिली. चित्रात अशुद्ध रक्त निळं असतं. तास संपल्यावर एका मुलाने स्वतःच्या मनगटावरची शीर दाखवून मला विचारलं, "हे निळं रक्त बाहेर आल्यावर लाल होतं ना?" होत नाही. प्राणवायू कमी असलेलं रक्त गडद लाल असतं. त्वचेतून प्रकाश आत जाऊन परत येतो त्यामुळे शिरा निळसर दिसतात. निळा रंग हा निव्वळ आराखड्याचा संकेत, पण तो संकेत आहे हे कोणी सांगितलं नाही तर पोरं त्याला खरं मानतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. चित्राने शिकवलेली चूक शब्दाने शिकवलेल्या चुकीपेक्षा चिवट असते असा माझा अनुभव आहे. यापुढे कुठलंही चित्र लावलं की विचारायचं: यातलं काय खरं आहे आणि काय सोयीसाठी आहे?

बुधवार

प्रोजेक्टरची केबल सापडली नाही. फळा, खडू. काहीही बिघडलं नाही.

गुरुवार

चंद्राच्या कला. या धड्याची मी वर्षभर वाट बघते.

आधी चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: चंद्र कधी कोर, कधी अर्धा असं का दिसतं? एक आकृती काढा, खाली एक वाक्य लिहा. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर पृथ्वीची सावली. ग्रहण आणि कला यांची सरमिसळ मोठी माणसंही सर्रास करतात, तेव्हा मुलांना काय दोष द्यायचा. शिवाय पुस्तकातल्या आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र एका पानात कोंबलेले असतात. एवढ्या जवळून पृथ्वीची सावली चंद्रावर पडणार नाही तर कुठे पडेल?

म्हणून आधी अंतर. बास्केटबॉल ही पृथ्वी, टेनिसचा चेंडू हा चंद्र. आकारांचं प्रमाण जवळजवळ बरोबर बसतं. आता चंद्राला त्याच्या जागी नेऊन ठेवा. पहिल्याने वीतभर अंतरावर ठेवला, दुसरीने हातभर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या एका ओळीत मावतील. बास्केटबॉलच्या हिशेबात सात मीटरांहून थोडं जास्त. वर्ग पुरला नाही, मुलगा चंद्र घेऊन दारातून व्हरांड्यात गेला. "मग सूर्य कुठे?" या प्रश्नाचा हिशेब त्यांनाच फळ्यावर करू दिला. उत्तर आलं जवळपास पावणेतीन किलोमीटरवर, नि सूर्याचा चेंडू सव्वीस मीटर व्यासाचा. काही वेळ नुसता गोंधळ.

मग खिडक्यांवर जाड कापडं लावली आणि वर्गाच्या एका टोकाला एकच दिवा. प्रत्येकाने पेन्सिलीच्या टोकाला पांढरा चेंडू खोचून हात लांब करून धरायचा आणि जागेवरच डावीकडे हळूहळू वळायचं. तुमचं डोकं ही पृथ्वी. चेंडू डोक्यापेक्षा जरा उंच धरा, नाहीतर दिव्याकडे पाठ झाली की डोक्याची सावली त्यावर पडते. ती पडली की ग्रहण. खऱ्या चंद्राची कक्षाही सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणूनच दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

अडचण अशी की चेंडूवरची कोर फक्त ज्याने धरलाय त्यालाच दिसते; मी शेजारी उभी राहिले तर मला वेगळंच काही दिसतं. इथे मोबाइल खरा कामी आला. मुलीच्या कानाला लावून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरला, प्रकाशाची पातळी अडकवून ठेवली (नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने अंधार उजळवतो आणि कोर पुसून टाकतो), आणि ते चित्र भिंतीवर टाकलं. ती वळत गेली तशी भिंतीवर कोर, अर्धा, पूर्ण. एकीला दिसणारं सगळ्या वर्गाला एका वेळी दिसलं. भिंतीवर अर्धा चंद्र असताना तिला थांबवलं आणि विचारलं, "आता पृथ्वीची सावली कुठे आहे?" तिच्या डोक्याची सावली दिव्याच्या उलट बाजूला, भलत्याच दिशेला पडली होती. चेंडूचा तिच्या सावलीशी काही संबंधच नव्हता. हे मी सांगितलं नाही. सांगायला तीन जण एकदम उठले.

मग स्टेलॅरियम लावलं, संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र भर दुपारच्या सुमाराला उगवतो हे त्यात तारीख पुढे सरकवून दाखवलं तर कोणाला पटेना. "बाई, हे सॉफ्टवेअर आहे, चूक असेल." मला हा अविश्वास आवडला. तो चंद्र येत्या काही दिवसांत खऱ्या आकाशात बघायचा आणि वेळ लिहून आणायची असं ठरलं.

शेवटी चिठ्ठ्या परत दिल्या, आपली आकृती आपणच दुरुस्त करायची. एकाने सावली खोडली आणि कंसात लिहिलं, 'ही ग्रहणासाठी ठेवायची'.

शुक्रवार

सातवीला जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या पडद्यावर हलवून बघायचं सॉफ्टवेअर. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढायचा, कोन बदलतात, बेरीज १८० राहते. गेल्या वर्षी बघितलं होतं की संगणक नुसता हातात दिला की पोरं त्रिकोणाला ताणून ताणून सुतळी करतात, खिदळतात आणि तास संपतो. यंदा नियम केला: ओढण्याआधी वहीत लिहायचं, हा कोन वाढला तर बाकीचे दोन काय करतील? मग ओढायचं. खिदळणं तेवढंच राहिलं, पण आता "हरलो!" असंही ऐकू यायला लागलं.

मजा पुढेच आहे. एका जोडीने तिन्ही कोन वहीत उतरवून बेरीज केली तर १८०.०१ आली. विजयी मुद्रेने दोघं माझ्याकडे. संगणक चुकला! तसं नव्हतं, पडद्यावर कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक कोन जरासा वर किंवा खाली सरकवलेला असतो आणि तिघांची बेरीज कधीकधी शतांशाने हुकते. हे सांगण्याऐवजी त्यांना दशांश स्थळं वाढवायला सांगितली. फरक आक्रसत गेला. दोघांना हे इतकं आवडलं की मूळ धडा बाजूलाच राहिला, आणि मीही त्यांना परत ओढलं नाही.

पण मग कोणीतरी हवा तो प्रश्न विचारला: हजार त्रिकोण ओढून बघितले तरी हजार एकावा वेगळा निघाला तर? पडदा याचं उत्तर देत नाही. कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर लावले तरी ते दाखवणंच आहे, सिद्ध करणं नाही. फळ्यावर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेष काढली, व्युत्क्रम कोन दाखवले, चार ओळींत संपलं. ओढाताण करून झाली होती म्हणून त्या चार ओळी ऐकायला सगळे कान देऊन बसले.

शनिवार

मागणीपत्रक भरायचं होतं. वर्गासाठी मोठा डिजिटल फळा मागावा असा बऱ्याच जणांचा आग्रह. मी विरोध केला नाही. नकाशे, उपग्रहाची छायाचित्रं, हलणाऱ्या आकृत्या यांना मोठा पडदा हवाच. पण तो फळा मुख्यतः आमचं मुलांना दाखवतो. मला या आठवड्यात ज्याने काम झालं ते मुलांचं मला दाखवणारं होतं: कार्डं, चिठ्ठ्या, विखुरलेल्या घरांचा तो कागद, कानाजवळ धरलेला कॅमेरा. यांतलं काहीच मोठं नाही.

माझ्या रकान्यात लिहिलं: चौकटीचे कागद, खिडक्यांसाठी जाड पडदे, आणि मोबाइल पालथा धरायचा स्टँड. स्टँडचा दांडा लांब हवा असं मुद्दाम लिहिलं. आखूड दांड्याचा घेतला तर वहीवर वाकलेल्या मुलाच्या डोक्याचीच सावली पडते आणि नेमकी जी ओळ बघायची तीच काळी दिसते.