डॅन्यूबच्या काठाने: पासाऊ ते स्पिट्झ

जर्मनीतल्या पासाऊहून सायकलींवर निघालेले आम्ही दोघं आज ऑस्ट्रियातल्या स्पिट्झला पोचलो. नदीच्या मोजणीने व्हिएन्ना अजून नव्वदेक किलोमीटर. दोन्ही सायकलींना अजून पंक्चर एकही नाही. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसून निवांत लिहिता येतंय.

या मार्गावर दिवसाचं नियोजन किलोमीटरवर करू नका, काठावर करा. बऱ्याच भागात दोन्ही बाजूंना सायकलवाट आहे, पण दोन्हीकडचा अनुभव अगदी वेगळा. एका काठावर गावं, बेकरी, चर्चं आणि शेजारून धावणारी वाहनं; दुसऱ्यावर झाडी आणि शांतता. आम्ही रोज नाश्त्याला नकाशा उघडतो तो एवढ्याचसाठी: आज कुठून निघायचं आणि नदी कुठे ओलांडायची. पूल, धरण किंवा होडी, तिन्ही सोयी आहेत. होड्यांच्या वेळा मात्र आदल्या रात्री बघून ठेवा, संध्याकाळी त्या लवकर बंद होतात.

पासाऊत इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ चा पूर १२.८९ मीटरपर्यंत चढला होता. त्या खुणेखाली उभं राहून वर पाहिलं आणि सांगली-कोल्हापूरचे पूर आठवले.

तिथून डाव्या काठाने (प्रवाहाच्या दिशेने पाहता डावा) जर्मनीतून जोखेनश्टाइनला गेलो, तिथल्या धरणावरून सायकली हातात धरून ऑस्ट्रियात उतरलो आणि मग उजव्या काठाने श्ल्योगेन. इथे कठीण खडकाला वळसा घालत नदी जवळजवळ उलटी फिरते. खालून जाताना हे वळण कळतच नाही, त्यासाठी जंगलातून अर्धा तास पायी चढावं लागतं. चढाच! नवरा आधी कुरकुरत होता, वर गेल्यावर खाली यायला तयार होईना.

वाट इतकी सपाट कशी, हे मला निघण्यापूर्वीपासून समजून घ्यायचं होतं. वाफेची जहाजं येण्याआधी प्रवाहाविरुद्ध होड्या ओढायला काठाने घोडे चालवत. त्यांच्यासाठी केलेल्या वाटांवरूनच आज बराचसा सायकलमार्ग जातो. भरलेल्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांना जमेल तोच चढ, म्हणून पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या पिशव्या) भरलेल्या सायकललाही तो जमतो. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर.

काठावरचे किलोमीटरचे फलक नदीच्या मुखापासून मोजलेले आहेत. काळ्या समुद्राकडे शून्य, पासाऊला २२२६ च्या आसपास, व्हिएन्नाच्या राइशब्र्युक पुलापाशी १९२९. आपण जसजसे पुढे जातो तसतसा आकडा उतरत जातो. थकलेल्या दुपारी याचा फार आधार वाटतो.

लिंझनंतर माउटहाउझेन. मार्गावरून निघून टेकडी चढावी लागते, चढ तीव्र आहे, तरी टाळू नका. १९३८ ते १९४५ इथे नाझी छळछावणी होती. ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन कैद्यांना १८६ पायऱ्या चढायला लावत. त्या पायऱ्या अजून आहेत. त्या दिवशी आम्ही पुढचं अंतर कमी केलं आणि फारसं बोललो नाही.

ग्राइन, इब्स ही गावं पटकन मागे पडली. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ मात्र दुरूनच दिसायला लागतो. १०८९ पासून तिथे साधू राहतात, सध्याची पिवळी भव्य इमारत अठराव्या शतकातली. ग्रंथालयासाठी दोन तास ठेवा.

मेल्कपासून वाखाऊ सुरू होतं. ही दरी २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. चुना न वापरता रचलेल्या दगडी बांधांवर द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. जुलैत जर्दाळू पिकतो, रस्त्याकडेला खोके मांडलेले असतात. ताजा जर्दाळू आणि सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी लावलेला पाव, आमचं आजचं जेवण हेच. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं जवळपास सगळी बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून घ्या.

आज मेल्कहून उजव्या काठाने अ‍ॅगश्टाइनच्या किल्ल्याखालून आर्न्सडॉर्फपर्यंत आलो आणि तिथून होडी घेतली. ही होडी मला सगळ्या प्रवासात सर्वांत आवडली. तिला इंजिनच नव्हतं. नदीवर उंच ताणलेल्या तारेला ती बांधलेली होती. नावाड्याने सुकाणू वळवलं, होडी प्रवाहाला तिरकी झाली आणि पाण्यानेच तिला पलीकडे ढकललं. आवाज फक्त तारेवरच्या चाकांचा आणि पाण्याचा. सायकलींचा स्टँड लावून आम्ही कठड्याला टेकलो आणि पलीकडे कधी पोचलो ते समजलंच नाही.

खोलीवर सामान टाकून रिकाम्या सायकलींवर उलट दिशेने विलेनडॉर्फला जाऊन आलो. १९०८ साली सापडलेली ती अकरा सेंटीमीटरची, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची स्त्रीमूर्ती इथली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, ती शेवटी पाहूच.

जोडीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सपाटीवर ज्याचा वेग कमी त्याने पुढे राहायचं, आमच्यात ती मी. समोरून वारा आला की नवरा पुढे आणि मी त्याच्या चाकामागे. या एका नियमामुळे कुणाला थांबून वाट बघावी लागत नाही, आणि गप्पाही चालू राहतात.

उद्या डाव्या काठाने द्राक्षमळ्यांतून ड्युर्नश्टाइन. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये तिथल्या किल्ल्यात कैदेत पडला होता, वर चढून अवशेष बघणार. मग क्रेम्सला माझे मागचे ब्रेक पॅड बदलायचे आहेत, आजच्या उतारांवर ते घासल्याचा आवाज यायला लागलाय. पुढे आल्टेनव्योर्टच्या धरणावरून उजव्या काठावर आणि मुक्काम टुल्नला.