दोन आरएक्स ५८० की एकच नवे कार्ड: जळगावच्या उन्हातला निर्णय

मागच्या नोंदीत दुसरे आरएक्स ५८० (एएमडीचे ग्राफिक्स कार्ड) हाती आल्याचे कळवले होते. ते बसवून अकरा दिवस झाले आणि क्रॉसफायरचा, म्हणजे दोन कार्डे जोडून एकत्र चालवण्याचा, नाद मी आज सोडत आहे.

सुरुवात आनंदाची झाली. जीटीए ५ या खेळात सेकंदाला ५८ फ्रेमवर (चित्रांवर) अडणारा आकडा ९० वर गेला. मात्र डोळ्यांना ते ९० जाणवेनात. गाडी वळवताना रस्त्याकडेचे खांब सरळ न सरकता हिसके देत पुढे येत. फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख लावला तेव्हा एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत, तर तिच्या पुढची १७ मध्ये येत असल्याचे दिसले. दोन कार्डे आळीपाळीने फ्रेम काढतात आणि त्यांतले अंतर सारखे राहत नाही, म्हणून सरासरी चांगली येऊनही खेळ अडखळतो. त्यातच माझ्या बी४५० मदरबोर्डाचा दुसरा स्लॉट (कार्ड बसवायची खाच) लांबीला पहिल्यासारखाच असला, तरी आतून पीसीआयई २.० चा एक्स४, म्हणजे जुन्या आणि अरुंद जोडणीचा, आहे. पहिल्याला सेकंदाला जवळपास १६ जीबी मिळतात, तर याला जेमतेम २.

उष्णतेने तर पाठच धरली. दोन कार्डांमध्ये दोन बोटांचीच फट असल्याने वरच्या कार्डाचे पंखे खालच्याची गरम हवा ओढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. वरचे कार्ड ८९ अंशांवर जाऊन त्याचा वेग १३४० वरून १२०० मेगाहर्ट्झच्या खाली आला. व्होल्टेज ११५० वरून १०७५ मिलिव्होल्टवर आणल्यावर ते ८३ वर स्थिरावले, याचे मला फार समाधान वाटले. पण प्रत्येकी १८५ वॅटची दोन कार्डे ६०० व्हीएच्या यूपीएसला पेलत नाहीत. वीज जाताच सगळे बंद पडते.

त्यामुळे ७५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि मोठा यूपीएस घ्यायचे ठरवले होते. हे लिहिताना हिशेब मांडला, तर तेवढ्या पैशांत आणखी थोडी भर घातली की वापरलेले आरएक्स ६६०० येते. ते १३२ वॅटचे आहे, त्याला एकच ८ पिनची वायर लागते आणि माझा ५५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरतो. मेमरीचेही नुकसान नाही, कारण दोन कार्डांचे ८ आणि ८ मिळून १६ जीबी होत नाहीत. दोन्हींत तोच मजकूर ठेवावा लागतो. सायबरपंक २०७७ या खेळात तर दुसरे कार्ड रिकामे बसते. जीटीएक्स १०७० ची जोडी लावू पाहणाऱ्यांनीही थांबावे; एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची (त्यांच्या क्रॉसफायरसारख्या सोयीची) नवी प्रोफाइल, म्हणजे एकेका खेळासाठीची जुळणी, देणे बंद केले आहे.

जुने कार्ड घ्यायचे ते समोर चालवून पाहूनच घ्यावे, असे माझे मत आहे. ऑनलाइन मागवलेल्या या दुसऱ्या कार्डाचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) कोरडे पडून भुगा झाले होते, म्हणून या वेळी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्येच शोधणार आहे.

दुसरे ५८० विकणार होतो, पण चोपड्याचा मावसभाऊ अजून ऑनबोर्ड ग्राफिक्सवर खेळतो. रविवारी ते त्याच्याकडे नेऊन १०७५ चीच सेटिंग लावून देईन. त्याच्या एसएमपीएसला ८ पिनची वायर आहे का, एवढे आज फोनवर विचारायचे आहे.