टर्फ पास, पाणी नापास : हॉकी मैदानाच्या प्रमाणपत्राचा माझा अनुभव

हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घ्यायची तर उत्तम टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं कार्पेट, आणून भागत नाही. टर्फ विकणारे जो कागद दाखवतात, तो त्या कार्पेटच्या प्रकाराला मिळालेल्या मान्यतेचा असतो. अंथरून तयार झालेल्या मैदानाचं एफआयएचचं (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचं) प्रमाणपत्र वेगळं. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येतो, जागेवर चाचण्या घेतो आणि अहवाल पाठवतो. करारात शेवटचा हप्ता या दुसऱ्या कागदाला बांधा. कार्पेट पसरून झालं की ठेकेदार फोन उचलेनासा होतो.

मापांचा भाग सोपा. ९१.४० बाय ५५ मीटरचं मैदान, ७५ मिलिमीटरच्या रेषा, १४.६३ मीटर त्रिज्येची डी (गोलसमोरचा अर्धगोल भाग), ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल. टेप लावा, मोकळे व्हा. भोवतीच्या मोकळ्या पट्ट्या धरून १०१.४० बाय ६३ मीटर जागा मात्र आराखड्यातच ठेवा, नंतर ती कुठून काढणार?

समतलपणाचं काम डांबरी थरावरच उरकायचं. ३ मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. वर शॉकपॅड (कार्पेटखालचा धक्के शोषणारा मऊ थर) आणि कार्पेट आलं की खड्डा झाकला जात नाही, फक्त दुरुस्ती महाग होते. डांबरावर पाणी सोडून कुठे थारोळं राहतं ते खडूने आखून घ्या.

आमचं घोडं अडलं ते पाण्यावर.

या टर्फमध्ये वाळू नसते. चेंडू सरळ आणि वेगात जातो तो पाण्यामुळे, बूट नको तितका पकडत नाही तोही पाण्यामुळे. चाचणीत मैदान भिजवून ठरलेल्या ठिकाणी उतरणीवरून चेंडू सोडतात आणि तो किती लांब जातो ते मोजतात, उलट दिशेनेही. दोन्ही डींजवळ आकडे झकास आले. मध्यरेषेजवळ चेंडू आधीच थांबला. लगेच कुजबुज सुरू झाली की टर्फच खराब. टर्फ तेच होतं, रोलही त्याच खेपेतले.

कारण साधं आहे, पण ते सांगायला कुणी पुढे येत नाही. मैदानाबाहेर सहा रेनगन (लांबवर पाणी फेकणारे फिरते फवारे) असतात : चार कोपऱ्यांत, दोन मध्यरेषेच्या टोकांना. कोपऱ्यातली गन पाव वर्तुळात फिरते, मधली अर्ध्या. नोझल सारखंच, पाणी सारखंच; म्हणजे सगळ्यांना सारखा वेळ दिला तर मधल्या गनच्या वाट्याच्या जमिनीला निम्मंच पाणी मिळतं. कंट्रोलरमध्ये सहाही गनना एकच वेळ भरून ठेवलेला असतो, कारण बसवणाऱ्याला तेच सोपं जातं. मधल्या गनना कोपऱ्यांच्या दुप्पट वेळ द्यायचा. नंतर फवारे एकमेकांवर कुठे पडतात ते पाहून कमीजास्त करायचं.

दुसरी गोम प्रेशरची. पंपाजवळचा काटा बघून समाधान मानू नका, नोझलपाशी मोजा. लांबच्या पाइपात प्रेशर गळतं, त्यात दोन गन एकदम चालू असतील तर विचारूच नका. प्रेशर कमी पडलं की धार फुटत नाही, पाणी टोकाला एका कड्यात पडतं आणि अलीकडचा पट्टा कोरडा राहतो. प्रेशर जास्त झालं की धुकं होतं आणि वारा ते प्रेक्षकांत नेतो.

हे डोळ्यांनी कळत नाही. ओलं निळं टर्फ सगळीकडे सारखंच दिसतं. सरळ काठाचे एकसारखे डबे पाच-पाच मीटरवर मांडा, एक पूर्ण फेरी चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. मैदानाच्या नकाशावर आकडे लिहिले की कोरडा भाग लगेच दिसतो. प्रयोगशाळेला तारीख मागण्याआधी हे करा. फेरचाचणीची तारीख लवकर मिळत नाही, आणि वारा जोराचा असेल तर आलेला माणूसही थांबून राहतो.

हे सगळं सुधारल्यावर कागद अडले. फाइल पुढे पाठवणाऱ्या कार्यालयाने ती ‘अपूर्ण’ एवढाच शेरा मारून परत केली. काय अपूर्ण, ते फोनवर सांगायचं नाही, पत्रात लिहायचं नाही. ‘तुम्हीच बघा.’ शेवटी निघालं काय, तर पाणीव्यवस्थेचा आराखडा निविदेतला होता आणि जागेवर एक गन कठड्यामुळे सरकवलेली होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या वाक्यासाठी जेवढं थांबलो तेवढ्यात पाइपलाइन नव्याने टाकून झाली असती. तेव्हा प्रत्यक्ष बसवलं तसा आराखडा, कार्पेटच्या रोलचे क्रमांक आणि शॉकपॅडची जाडी एकाच गठ्ठ्यात द्या, आणि शेरा तोंडी घेऊ नका.

टाकीचं आधी सांगायला हवं होतं. १०१.४० बाय ६३ म्हणजे सुमारे ६,३९० चौरस मीटर. १ मिलिमीटर पाण्याला तितकेच लिटर लागतात. सामन्याआधी ३ मिलिमीटर धरले तर १९,००० लिटरच्या वर, मध्यंतराला त्याच्या निम्मे. दिवसाला चार सामने असतील तर लाखाच्या पुढे. टाकी केवढी यापेक्षा दोन सामन्यांमध्ये ती किती भरते ते विचारा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर निळ्यावर तांबूस डाग येतात, आणि गाळणी साफ नसली तर कचरा नोझलमध्ये बसतो.

चाचणीच्या दिवशी पंप चालवणारा माणूस मैदानातच हवा, आणि गनच्या वेळा हाताने बदलण्याचा पासवर्ड त्याच्याकडे हवा. एरवी पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाकडे असतो, आणि तो माणूस त्या दिवशी हमखास दुसऱ्या साइटवर असतो.