पुरंदरचं शेत आणि आमच्या घरामागचे चार वाफे

होळी झाली की पाडव्यापर्यंतचे जे दिवस असतात ना, ते मला शेतावर जायला सगळ्यात जास्त आवडतात. लोक थंडीत हुरड्याला जातात नाहीतर पहिल्या पावसात जातात, पण फाल्गुनात शेतात एकाच वेळी काय काय चाललेलं असतं, गहू काढायला आलेला, हरभरा खळ्यावर, उन्हाळी कांद्याच्या माना पडायला लागलेल्या आणि शेजारच्याच तुकड्यात भेंडी गवार टोकून झालेली. यावर्षी मुलांना घेऊन मामाकडे गेलो, दिवे घाट चढून सासवडच्या पुढे, आणि घरामागे भाजीपाला करायचं जे नुसतं मनात होतं ते तिथं पक्कं झालं.

पुरंदर म्हणजे अंजीर आणि सीताफळ. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं भौगोलिक मानांकन पण मिळालंय. मामाने मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारं पीक धरलेलं, त्यामुळे तोडा चालू होता आणि तोडा म्हणजे पहाटेचं काम, कारण ऊन चढलं की फळ मऊ पडतं आणि लगेच मार्केटला पोचवायचं असतं. अंजीर झाडावरच पिकावं लागतं, आंब्यासारखं कच्चं तोडून आढीत घालता येत नाही. देठातून पांढरा चीक येतो तो हाताला लागला की खाज सुटते, पानं पण खरखरीत, म्हणून मामी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तोडत होती आणि पाटीत खाली अंजिराचीच पानं अंथरून फळं लावत होती. लेकीने विचारलं याला फूल कुठंय, तर मामाने एक कच्चं अंजीर उभं चिरून दाखवलं, आत सगळी बारीक बारीक फुलंच. उंबर याच कुळातलं, त्याचंही असंच, म्हणून तर उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. पुस्तकात हे वाचून मुलं विसरली असती, आता नाही विसरणार.

पाण्याचं मात्र तिथं कायम टेन्शन. पुरंदरचा बराच भाग कमी पावसाचा, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, त्यात शेतीची लाईट कधी दिवसाची कधी रात्रीची, आम्ही गेलो त्या आठवड्यात रात्रीची होती. मामा जेवून बॅटरी घेऊन निघाला तर धाकटा पण मागे लागला, मग सगळेच गेलो. अंजिराला ड्रिप आहे पण कांद्याला अजून पाट पाणीच, मामा एक दारं मोडायचा, म्हणजे पाटाचा बांध फोडून वाफ्यात पाणी सोडायचा, वाफा भरला की मातीचा बांध घालून पुढचं दारं मोडायचा, धाकट्याला पण छोटं फावडं दिलेलं. घरी नळ चालू ठेवून दात घासणारा मुलगा तिथं एक वाफा भरायला किती वेळ लागतो ते उभं राहून बघत होता, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला म्हटलं, मामा मला घरामागे भाजी लावायचीय, काय काय लावू? तो म्हणाला, "लिस्ट नको करू पोरी. आधी माती बघ, मग आत्ता शेतात काय पेरत्यात ते बघ, तेच लाव." मला हे शंभर टक्के पटतं. नर्सरीत बाराही महिने सगळी पाकिटं मिळतात पण मार्चमधे मेथी पालक लावून काय होणार, ऊन वाढलं की लगेच फुलावर येतात. आत्ताचे दिवस भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं आणि पालेभाजीत माठ राजगिरा यांचे. भेंडीचं बी थंडीत उगवायला रडतं, आता मात्र चार-पाच दिवसात वर येतं.

आमच्या घरामागे बिल्डरने टाकलेला राडारोडा होता, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. नवऱ्याने आणि मी टिकाव घेऊन फूटभर खोल खणून ते सगळं काढलं, मग पोयट्याची माती आणि मामाकडून आणलेलं शेणखत मिसळलं. शेणखत जुनंच घ्या हे आवर्जून सांगते. पूर्ण कुजलेलं खत काळं, भुसभुशीत असतं, वास येत नाही, अर्धकच्चं आणलं तर त्यातून हुमणी, म्हणजे जमिनीतली पांढरी अळी येते आणि मुळं खाते. मग पाणी देऊन दोन दिवस थांबलो. मामाने वाफसा, म्हणजे पेरायला बेताची ओल, बघायला शिकवलं होतं, मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर पेरायचं, चिकटून राहिला तर थांबायचं. हे काम मुलांकडेच दिलं, रोज सकाळी शाळेच्या आधी माती दाबून बघायची.

बियाणं मामीने दिलं. भेंडीचं परभणी क्रांती, ते मराठवाडा कृषी विद्यापीठाचं जुनं वाण, पानं पिवळी पडायच्या रोगाला दाद देत नाही अशी त्याची ख्याती, आणि हायब्रीड नाही त्यामुळे चांगल्या झाडावरच्या चार भेंड्या वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरचं गावठी बी सांभाळून ठेवलं, २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं, मुलांना त्यांच्याबद्दल पण सांगितलं. प्रत्येक घराने एक तरी बी असं जपावं असं मला मनापासून वाटतं.

भेंडी रात्रभर भिजवून दीड दीड फुटावर टोकली, गवार जरा दाट, काकडी आणि दोडका कुंपणाच्या जाळीच्या कडेला आळं करून. कडेने झेंडू. खताला जीवामृत छोट्या प्रमाणात केलं, वीस लिटर पाण्याला एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि शेतातली मूठभर माती, सावलीत ठेवून सकाळ संध्याकाळ काठीने ढवळायचं. वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरलंय, ओल टिकते, एप्रिलमधे त्याचा फरक कळतोच. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवून संध्याकाळी तेच घालतो.

माठ सगळ्यात आधी निघेल, महिन्याभरात. भेंडीला दीडेक महिना. दोडक्याला आधी नर फुलं येतात आणि गळून जातात, त्यानंतर मागे छोटं फळ असलेली मादी फुलं दिसतात, तेव्हा पहिली फुलं गळाली म्हणून वेल उपटायचा नाही हे मामीने दोनदा बजावलंय. वरून सावलीसाठी हिरवी नेट लावावी का असा आमच्या घरात सध्या वाद चालू आहे, मामाचं म्हणणं भेंडी गवारीला अजिबात नको, त्यांना ऊनच पाहिजे, मे महिन्यात कोथिंबीर करायची असली तर तेवढ्याच वाफ्यावर बांधा.