वाळूतली माती आणि सहा क्यूब

गेल्या उन्हाळ्यात गावी घराचं काम काढलं. सीना नदीची म्हणून तीन ब्रास वाळू येऊन पडली. मिस्त्रीमामांनी मूठभर घेऊन तळव्यांत चोळली आणि झटकली. हाताला पिवळसर चिखल तसाच राहिला. "नदीची वाळू म्हटल्यावर थोडीफार माती असायचीच, गुरुजी," ते म्हणाले. फुटिंग, म्हणजे पायाचं काँक्रीट, दोन दिवसांवर आलं होतं.

मला राहवेना. सरळ कडांची काचेची बाटली अर्धी वाळूने भरली, वर पाणी आणि चमचाभर मीठ घातलं. मिठामुळे मातीचे कण एकत्र येऊन लवकर खाली बसतात. जोरात हलवून बाटली तीन तास ओट्यावर ठेवली. तळाशी 10 सेंटीमीटर वाळू आणि तिच्यावर लोण्यासारखा मऊ थर. पट्टी लावली तर थर 14 मिलिमीटर भरला! साइटवर साधारण 8 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, इथे 14 टक्के.

पुरवठादार वाळू परत न्यायला तयार नव्हता. फुटिंग आठ दिवस पुढे ढकललं आणि वाळू धुवायला घेतली. पत्र्याच्या हौदात थोडी थोडी टाकायची, फावड्याने ढवळायची, गढूळ पाणी सोडून द्यायचं. तीन पाण्यांनंतर वरचं पाणी निवळ दिसू लागलं. मजुरी गेली, वाळूही घटली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात आली नव्हती. ओली वाळू फुगते. घमेल्याने मोजली तर घमेलं भरलेलं दिसतं, पण वाळू कमी जाते. शिवाय तिच्यातलं पाणी मालात उतरतं, म्हणून वरून घालायचं पाणी कमी करावं लागतं. वाळू निथळून, पसरून वाळवली, मगच मिक्सर लावला.

भाचा सिव्हिलला शिकतो. त्याच्या मदतीने एम-20 या प्रतीच्या काँक्रीटचे सहा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, भरले, तीन न धुतलेल्या वाळूचे, तीन धुतलेल्या. फरक तिथेच दिसला. या मालाला सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटरपेक्षा जास्त पाणी घालायचं नसतं. मातीच्या वाळूचा माल तेवढ्यात कोरडाच राहिला, हाताळण्याजोगा व्हायला 36 लिटर लागले. माती पाणी पिते, आणि कणांवर बसलेला तिचा थर सिमेंटला वाळूला धरू देत नाही. दोन्हीकडून ताकद जाते.

28 दिवसांनी क्यूब मशीनखाली गेले. 150 मिलिमीटरच्या क्यूबने 450 किलोन्यूटन झेलले की एम-20 ची दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटनची ताकद भरते. न धुतलेल्या वाळूचे क्यूब 350 च्या आसपास फुटले, धुतलेल्या वाळूचे 500 च्या. पहिल्या तिघांच्या फुटलेल्या तोंडावरून मामांनी नख फिरवलं, तर वाळूचे दाणे सुटून खाली पडले. ते बराच वेळ तो तुकडा हातात धरून होते.

स्लॅबसाठी पुढची गाडी आली तेव्हा फाळका उघडण्याआधी मामाच वर चढले. कडेची वाळू बाजूला सारून मधोमध कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली भरून आणली. तीन तासांनी थर 5 मिलिमीटर भरला, मग गाडी खाली केली.