नाल्याच्या पाण्यावरचं ओलीत: खत कोणाला, जंत कोणाला

नागपूरचं सांडपाणी नाग आणि पिवळी नदीतून कुही तालुक्याकडे उतरतं, कन्हान नदीला मिळतं, आंभोऱ्याजवळ वैनगंगेत जातं आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात थांबतं. यातलं बरंचसं पाणी आधी पेंच धरणातून शहरात गेलेलं असतं, आणि पेंच प्रकल्प आखताना कालव्याखालची वावरंही हिशेबात धरलेली होती. स्वच्छ पाणी शहराने घेतलं, वापरलेलं खाली सोडलं. मग काठावर मोटारपंप बसवणाऱ्याला "गटाराची भाजी विकतो" म्हणून हिणवायचं, हा प्रकार मला पटत नाही. पण हे पाणी निर्धोक आहे असं म्हणणंही तितकंच खोटं आहे.

आधी खताचा हिशेब, कारण तो सहसा कोणी मांडत नाही. एका एकरात ५ सेंटीमीटरचं एक ओलीत, म्हणजे एकदा दिलेलं पाणी, हे साधारण २ लाख लिटर पाणी. घरगुती सांडपाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र धरलं, तर एका ओलितातून ६ किलो नत्र वावरात जातं. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत जेमतेम २१ किलो नत्र असतं. म्हणजे ७ ओलितांत दोन बॅगा युरिया आपोआप पडला. गव्हाला एकरी ४८ किलो नत्राची शिफारस आहे आणि भारी जमिनीत ५-६ ओलितं होतात. शिफारशीतलं ३० ते ३६ किलो नत्र पाण्यातूनच आलं. वरून नेहमीसारखा युरिया टाकला की गहू ओंबी भरताना लोळतो. धान हिरवागार दिसतो, पण त्यावर करपा आणि तुडतुडे तुटून पडतात. मिरचीला पालाच पाला येतो, फूल गळतं. दोष बियाण्यावर जातो, असतो पाण्यातल्या नत्राचा.

नाल्याचं पाणी वाढीच्या काळात द्यावं आणि फुलोऱ्यापासून पुढे विहिरीचं. विहिरीला पुरेसं पाणी नसेल तर निदान युरियाचा दुसरा हप्ता सोडून द्यावा.

आता जंत. जीवाणू उन्हाने आणि कोरडेपणाने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत शेवटचं ओलीत आणि तोडणी यांमधल्या प्रत्येक दिवसाला जंतू तिपटीपासून शंभरपटीपर्यंत घटतात असं धरलं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस ओलीत थांबवलं तरी फरक पडतो. अडचण हिवाळ्याची. मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) तेव्हाच असतात, थंडीत जंतू टिकतात आणि पानं जमिनीला टेकलेली असतात. जंताच्या अंड्यांना तर हे गणित लागूच होत नाही; गोलकृमीची अंडी मातीत महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त जिवंत राहतात. त्यांच्यावर साधा इलाज एकच: पाणी थांबवून ती तळाला बसू देणं.

त्यासाठी शेततळं हवं. ३० बाय ३० मीटरच्या आणि ३ मीटर खोल तळ्यात, काठाच्या उतारानुसार, साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. रोज एका एकराचं ओलीत काढलं तर पाणी सरासरी १० दिवस तळ्यात राहतं, आणि अंडी खाली बसायला एवढा वेळ पुरतो. कागदावर. प्रत्यक्षात दोन चुकांनी हा हिशेब मोडतो. पहिली, पाणी आत येण्याची नळी आणि उपसा एकाच काठावर. आलेलं पाणी सरळ पंपात जातं, बाकीचं तळं नुसतं पडून राहतं. दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवेत. दुसरी, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीचं पाणी ओढणारं टोक) तळाला टेकलेला. म्हणजे १० दिवस खाली बसवलेला गाळ अंड्यांसकट पुन्हा वावरात. झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा डबा तरंगता ठेवून त्याला लवचिक पाइपाने फूटव्हॉल्व्ह टांगावा, पाण्याच्या वरच्या पातळीपासून फूट-दीड फूट खाली. पाणी आत येताना एक लहान खड्डा आणि जाळी ठेवली की प्लास्टिक आणि रेती तिथेच अडते. उन्हाळ्यात गाळ काढावा, पण भाजीच्या वाफ्यात टाकू नये. धुऱ्याकडे (वावराच्या कडेच्या बांधाकडे) चर खणून पुरावा. तळाला प्लास्टिक अंथरलेलं नसेल तर पिण्याच्या विहिरीजवळ असं तळं खणूच नये. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडलेली डोळ्यांना दिसत नाही.

ठिबक असेल तर उत्तम. जमिनीलगतच्या पिकात त्याने धोका शंभरपट घटतो असं तीच मार्गदर्शिका धरते, आणि जमिनीपासून वर वाढणाऱ्या पिकात दहा हजारपट. पण या पाण्याचा शेवाळी चिकटा ड्रिपर बंद पाडतो. आधी वाळूचा फिल्टर, मग डिस्क फिल्टर, आणि आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून धुणं. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागवणाऱ्याचं ठिबक हंगामभरात धुऱ्यावर गुंडाळून पडतं.

ही सगळी मेहनत एका ठिकाणी वाया जाते: जुड्या बांधून झाल्यावर त्या नाल्यातच धुतल्या जातात. मुळ्याची माती जाते, पालक ताजा दिसतो, भाव बरा मिळतो, आणि तोडणीआधी दोन दिवस पाणी थांबवल्याचा फायदा त्या एका बुडीत संपतो. धुण्यापुरती विहिरीच्या पाण्याची एक टाकी वेगळी ठेवणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

खताचा फायदा जमिनीच्या मालकाला होतो, पण चिखलात उभी राहते ती रोजंदारीची बाई. अंकुशकृमी मुख्यतः अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईचं रक्त आणखी कमी करतो. गमबूट घाला हे सांगणाऱ्याने रोवणीच्या बांधीत (धानाच्या खाचरात) एकदा ते घालून चालावं. काळ्या चिखलात बूट रुतून बसतो, पाय वर येतो. म्हणून उन्हाळी धानाची चिखलणी आणि रोवणी विहिरीच्या किंवा तळ्यात थांबवून निवळलेल्या पाण्यावर करावी, आणि नाल्याचं पाणी बांधीत कोणी नसताना सोडावं. निंदण ओलिताच्या दुसऱ्या दिवशी नको, जमीन वाफशावर आल्यावर. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असते. चाळिशीतली मजूर बाई त्यात बसत नाही. तिची गोळी डॉक्टरांना विचारून, गरोदरपण तपासून, मालकाच्या खर्चाने व्हावी. युरियाच्या वाचलेल्या पैशातून ते सहज निघतं.

मातीचं नुकसान सावकाश होतं. पाण्याची क्षारता मीटरला ०.७ डेसिसायमनच्या खाली असेल तर काळजी नाही, ३ च्या वर असेल तर ते पाणी सोडावं. काळ्या जमिनीत क्षारांपेक्षा सोडियम जास्त छळतो: माती वरून चोपून बसते, पाणी मुरत नाही, ढेकळं दगडासारखी होतात. मातीतला सोडियम सोडवणारं जिप्सम माती तपासूनच टाकावं, आणि पाणी निघायला चर नसेल तर टाकूच नये, सुटलेला सोडियम जाणार कुठे? नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर पालेभाजी बंदच करावी. जड धातू तळ्यात सगळे बसत नाहीत, उन्हाने मरत नाहीत, आणि पानात साठतात.

कायद्याकडे पाहिलं तर १९८६ च्या पर्यावरण नियमांत सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा) लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. २०१७ च्या अधिसूचनेने मैलापाणी प्रक्रिया केंद्रांसाठी विष्ठेतल्या जीवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १००० ठेवली. जंताच्या अंड्यांचा आकडा दोन्हीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो लिटरला एक अंडं असा दिला आहे. म्हणजे केंद्राचा अहवाल पास आणि बाईच्या पोटात जंत, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

आणि शुद्ध केलेलं पाणी जातं कुठे? नागपूरच्या भांडेवाडीला प्रक्रिया झालेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला मिळतं. त्याने पिण्याजोगं पाणी वाचतं, यात वाद नाही. पण चांगलं पाणी कराराने वीजकेंद्राकडे आणि उरलेलं न शुद्ध केलेलं नाल्यावाटे कुहीकडे, अशी वाटणी होत असेल तर नाल्यावर पंप लावणाऱ्याची बाजू मांडणारं त्या टेबलावर कोणी नसतं. ग्रामसभेने ठरावात दोन गोष्टी मागाव्यात: प्रक्रिया केंद्राच्या दरमहा तपासणीची प्रत, आणि गावाच्या उपशाच्या जागी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि मेमध्ये, शहराच्या खर्चाने तपासणी. त्यात क्षारता, सोडियमचं प्रमाण, बोरॉन, जीवाणू आणि जंताची अंडी असं नाव घेऊन लिहावं. "पाणी तपासणी" एवढंच लिहिलं तर पीएच मोजून कागद परत येतो. जीवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि तो घेताना गावातला एक माणूस वेळ लिहून सही करायला तिथे हवा.